एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब



मागच्या व्याख्यानात आपण वजनमापांबद्दल बोललो. शेर जाऊन किलो कसा आला, ते पाहिलं. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, वजनाचं समजलं. पण वेळ तर सगळीकडे सारखीच असते, तिचं कुठे काय प्रमाणीकरण करायचं?" प्रश्न साधा होता, पण मला तो सोडवेना. म्हणून आजचा विषय वेळ. वेळ म्हणजे काय हा तत्त्वज्ञानातला प्रश्न मी आज फार छेडणार नाही. आयुष्यभर तोच शिकवला, उत्तर काही मिळालं नाही. आज मी बोलणार आहे घड्याळाबद्दल. आपल्या एवढ्या मोठ्या देशात एकच घड्याळ का, ते कसं आलं, आणि त्याची किंमत कोण मोजतं.

सुरुवात घरातून करतो. माझ्या आईवडिलांची लग्नपत्रिका माझ्याकडे आहे. १९४७ सालची, गिरगावातली. कागद पिवळा पडलाय. तिच्यावर मुहूर्त छापलाय आणि मुहूर्तापुढे कंसात तीन-चार अक्षरं आहेत: 'स्टँ. टा.' लहानपणी मला वाटायचं, हे कार्यालयाच्या मालकाचं नाव असावं. वडिलांना विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "अरे, ते स्टँडर्ड टाइम. नाही लिहिलं तर अर्धे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर आले असते." त्या वेळी मुंबईत दोन वेळा चालू होत्या. एक स्टँडर्ड टाइम आणि दुसरा मुंबई टाइम. दोहोंत फरक एकोणचाळीस मिनिटांचा. म्हणजे पत्रिकेवर नुसतं 'अकरा वाजून वीस मिनिटं' लिहिलं, तर कुणाचे अकरा-वीस, हा प्रश्न उरायचाच.

ही एकोणचाळीस मिनिटं आली कुठून? हिशेब सोपा आहे, आपण मिळूनच करू. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला साधारण ७२ अंश ५० कलांवर. त्याला चारने गुणा. २९१ मिनिटं, म्हणजे चार तास एक्कावन्न मिनिटं. हा मुंबईचा स्वतःचा, सूर्याचा वेळ. आपली आजची भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. साडेपाचातून चार-एक्कावन्न वजा करा. एकोणचाळीस मिनिटं. आज तुमच्या मनगटावर बारा वाजतात, तेव्हा मुंबईच्या डोक्यावर सूर्य यायला सरासरीने अजून एकोणचाळीस मिनिटं असतात.

रेल्वे येण्याआधी या गोष्टीचं कुणाला काही वाटत नव्हतं. प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्या गावाचा. पंचांगकर्ते उज्जयिनीचं रेखावृत्त धरून गणित मांडत आणि आपल्या गावासाठी फरक करून घेत. पुण्याचा माणूस सोलापूरला जायचा तो बैलगाडीने. वाटेत आठेक मिनिटं कुठे सांडली हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

१८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले. आता एवढी मिनिटंही चालेनात. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या असतील, आणि एका स्टेशनमास्तराचं घड्याळ मुंबईचं, दुसऱ्याचं अलाहाबादचं असेल, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून रेल्वेने एक वेळ निवडली, मद्रासची. का? तर मद्रास मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मध्ये येत होतं, आणि तिथे जुनी वेधशाळा होती. तिथून तारेने वेळ कळवली जायची. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. लोक तिला 'रेल्वे टाइम' म्हणू लागले. गाडीपुरती ती ठीक होती. स्टेशनातून बाहेर पडलं की माणूस आपल्या गावच्या वेळेत परत यायचा.

भांडण सुरू झालं ते वेळ स्टेशनाबाहेर आली तेव्हा. १८८१ साली मुंबई सरकारने ठरवलं की सरकारी कामकाजही मद्रास वेळेने चालेल. गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन. होय, तेच, ज्यांचं नाव पुण्याच्या कॉलेजला आहे. मुंबईकरांनी हे मानलं नाही. वर्तमानपत्रांतून टीका झाली. राजाबाई टॉवर तेव्हा नवा होता, त्यावरच्या घड्याळाने कुणाची वेळ दाखवायची यावर वाद झाला. शेवटी दोनेक वर्षांत सरकारने माघार घेतली. सत्ता साहेबाची, आणि तरी शहराने आपलं घड्याळ राखलं.

पण जगाची दिशा ठरली होती. १८८४ साली वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ग्रीनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं. मग एकेक देश आपली घड्याळं ग्रीनिचशी जोडू लागला. आपल्याकडे हे घडलं लॉर्ड कर्झन यांच्या काळात. १९०५ मध्ये रेल्वेने नवी प्रमाणवेळ घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती देशासाठी लागू झाली. साल लक्षात घ्या. १९०५ हे बंगालच्या फाळणीचं साल. स्वदेशीचं वारं सुटलेलं. अशा वेळी सरकार म्हणालं, उद्यापासून तुमचे घड्याळाचे काटे पुढे. लोकांना ते नुसतं खगोलशास्त्र कसं वाटावं?

आणि त्याहून मोठी गोष्ट गिरण्यांची. १९०६ च्या जानेवारीतच मुंबईत काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, दगडफेक झाली. शहरात हजारो सह्यांचे अर्ज निघाले. आपण पुस्तकात वाचतो तेव्हा वाटतं, काय हे अडाणी लोक, घड्याळावर दगड मारतात! पण जरा कामगाराच्या जागी उभे राहा. समजा भोंगा सकाळी सहाला होतो. काल सहा म्हणजे मुंबईचे सहा. आज सहा म्हणजे प्रमाणवेळेचे सहा, सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून एकवीस मिनिटं. आकडा तोच, आणि चाळीत उठायचं मात्र पाऊण तास आधी, अंधारात. त्यात गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते. दिव्यांमुळे कामाचे तास सूर्यास्तापलीकडे लांबत होते. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली. मर्यादा बारा तासांची, म्हणजे आधी किती असतील ते बघा. अशा माणसाला तुम्ही सांगता, एकोणचाळीस मिनिटांनी काय होतंय? तो म्हणतो, मालक, मग तुम्हीच भोंगा पावणेसातला करा ना. घड्याळ बदलून वेळापत्रक तेच ठेवलं की कुणाची तरी झोप जाते. त्याला खगोलशास्त्र येत नव्हतं, पण हे कळत होतं.

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. घड्याळ ही एक गोष्ट, वेळापत्रक ही दुसरी. आजचं सगळं व्याख्यान या फरकावर उभं आहे.

पुढे काय झालं? मुंबई महापालिकेने आपल्या कारभारासाठी मुंबई टाइमच ठेवला. सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि तारखातं स्टँडर्ड टाइमवर. एकाच रस्त्यावर दोन घड्याळं, दोन वेळा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सरकारने घड्याळ आणखी एक तास पुढे केलं, तेव्हा सरकारी बारा म्हणजे मुंबईच्या सूर्याचे दहा वाजून एकवीस मिनिटं. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत राखली. मुंबईची तर स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही वर्षं टिकली. आपलं सरकार आल्यावर लोकांचा हट्ट हळूहळू सुटला. एक देश, एक घड्याळ यात तेव्हा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

आता एक क्षण तत्त्वज्ञानाकडे वळतो, सवय जात नाही. (हशा) वैशेषिक दर्शनात काल हे नऊ द्रव्यांपैकी एक मानलं आहे. काल एक आहे, नित्य आहे, सर्वव्यापी आहे. मग क्षण, मुहूर्त, दिवस हे भेद कुठून येतात? ते म्हणतात, उपाधींमुळे. सूर्याच्या गतीसारख्या बाहेरच्या गोष्टींमुळे एकाच कालाचे आपण तुकडे करतो. मला ही मांडणी या विषयात फार उपयोगी वाटते. प्रमाणवेळ ही राज्यकर्त्यांनी लावलेली उपाधी आहे. ती निसर्गात नाही. मिर्झापूरजवळच्या त्या रेषेवर मातीत काही खूण नाही. उपाधी आपणच लावलेली असेल, तर ती कुणाला सोयीची आणि कुणाला जाचक, हे विचारण्याचा हक्कही आपलाच.

तर विचारू या. भारताचं पश्चिम टोक कच्छमध्ये साधारण ६८ अंशांवर आणि पूर्व टोक अरुणाचलात ९७ अंशांवर. फरक एकोणतीस अंशांचा. गुणिले चार, जवळजवळ दोन तास. दोन्हीकडे घड्याळ एकच.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी एका चर्चासत्रासाठी वरच्या आसामात गेलो होतो. माझं भाषण संध्याकाळी पाचला ठेवलं होतं. मुंबईच्या माणसाला पाच म्हणजे चहाची वेळ. तिथे चार-वीसच्या सुमारास सूर्य मावळला. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. समोरच्या मुली घड्याळाकडे बघत होत्या, कारण त्यांना गावाकडची शेवटची गाडी पकडायची होती. मी वीस मिनिटांत आवरलं. यजमान म्हणाले, "सर, जूनमध्ये या. सव्वाचारला उजाडतं. कचेरी उघडते दहाला. सहा तास सूर्य आमची वाट बघत बसतो."

मग तिथल्या चहाच्या मळ्यांनी काय केलं? मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून 'बागान टाइम' चालत आला आहे. तो प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. उजेड वाया जाऊ नये म्हणून. स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या मळे कामगार कायद्यानेही सरकारला अशा क्षेत्रासाठी स्थानिक वेळ ठरवण्याची मुभा ठेवली. पण मळ्याबाहेरची बँक, पोस्ट, शाळा, कचेरी सगळी प्रमाणवेळेवर. म्हणजे मळ्यात काम करणारी बाई बागान टाइमने उठते आणि तिचं मूल स्टँडर्ड टाइमने शाळेत जातं. गिरगावातली दोन घड्याळं गेली, आसामात ती अजून आहेत.

ईशान्येची मागणी जुनी आहे. २०१४ साली आसामचे मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी वेगळ्या वेळेची भाषा केली. २०१७ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी तेच सांगितलं. त्याच वर्षी गुवाहाटी उच्च न्यायालयाने अशी याचिका फेटाळली. त्याआधी केंद्राने २००१ साली समिती नेमली होती. २००४ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की बदल नको. आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी लेख लिहून सुचवलं की दोन वेळा शक्य आहेत. आपली प्रमाणवेळ राखणारी संस्था हीच. सीमा आसाम आणि बंगाल यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात ठेवावी, म्हणजे रेल्वेला कमी ठिकाणी घड्याळ बदलावं लागेल. त्यांचा वीजबचतीचा अंदाज वर्षाला दोन कोटी युनिटांचा.

बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांचं म्हणणं वेगळं. देशाचे दोन भाग नकोत, सगळ्यांचंच घड्याळ अर्धा तास पुढे न्या. त्यांच्या अंदाजाने बचत दोनशे कोटी युनिटांहून जास्त. आकडा मोठा आहे, मोह पडतो. पण मला लगेच मुंबई आठवते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. घड्याळ अर्धा तास पुढे गेलं की उगवेल पावणेआठला. १९०६ साली एकोणचाळीस मिनिटं गेली, आता आणखी तीस. वीज वाचेल, मान्य. पण पश्चिमेकडच्या माणसाची पहाट जाईल.

आणि हा प्रश्न नुसता तक्रारीचा नाही, मुलांचा आहे. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातली आकडेवारी घेऊन अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की जिथे सूर्यास्त तासभर उशिरा होतो, तिथे मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने कमी होते. कारण उघड आहे. अंधार उशिरा पडतो, मूल उशिरा झोपतं, पण शाळेची घंटा सगळीकडे त्याच आकड्याला होते. झोप कमी झाली की अभ्यास मागे पडतो, आणि ज्या घरात स्वतंत्र खोली नाही, शांतता नाही, तिथे हा फटका जास्त बसतो. गंमत बघा. ईशान्येचं नुकसान होतं हे आपण ऐकतो. इथे कळतं की नुकसान आपल्याही बाजूला आहे, पण त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही, कारण मुलं मोर्चे काढत नाहीत.

महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. खूप गाजावाजा झाला. बसवाले, दोन पाळ्यांच्या शाळा, नोकरी करणारे आईवडील, सगळ्यांची अडचण झाली आणि ती खरी होती. पण मला तो निर्णय वाचून गिरणीतला तो कामगार आठवला. भोंगा पुढे करा असं तो म्हणत होता. शंभरहून अधिक वर्षांनी निदान बालवाडीचा भोंगा पुढे झाला.

आता व्यापाराकडे. एका घड्याळाचे फायदे मी नाकारत नाही. मुंबईचा शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. कोलकात्यातला दलाल आणि राजकोटातला गुंतवणूकदार एकाच घंटेला बसतात. बँकांचे व्यवहार, रेल्वेचं आरक्षण, परीक्षा, निवडणुकीचं मतदान, सगळं एका आकड्यावर. अमेरिकेत न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला फोन करायचा तर आधी वजाबाकी करावी लागते. आपल्याला ती लागत नाही. ही बचत कुठल्याही वीजबिलात दिसत नाही, पण रोजची आहे. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत केंद्राने असा मसुदा काढला की कायदेशीर, व्यापारी आणि प्रशासकीय कामांत प्रमाणवेळच वापरावी. दूरसंचार, वीजवितरण, पैशांचे व्यवहार यांना सेकंदाच्या अंशांचा मेळ लागतो. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे.

चीनकडे बघा. तो आपल्याहून कितीतरी रुंद. १९४९ नंतर तिथे एकच वेळ, बीजिंगची. पश्चिमेकडच्या शिनजियांगमध्ये सूर्य दोन तास मागे. तिथे अनेक कचेऱ्या उशिरा उघडतात आणि उशिरा बंद होतात. म्हणजे घड्याळ राजधानीचं, पण वेळापत्रक सूर्याचं. शिवाय तिथले उइघुर लोक आपसात दोन तास मागची स्थानिक वेळ वापरतात. मग तुम्ही कोणती वेळ सांगता यावरून तुम्ही कोण हे कळतं. १९०६ ची मुंबई ज्यांना समजली, त्यांना हेही समजेल.

तर माझं मत काय? मत सांगायला मला बोलावलंय, टाळत नाही. देशाला दोन घड्याळं द्यावीत असं मला वाटत नाही. एक तर सीमेवरच्या माणसाच्या आयुष्यात रोजची वजाबाकी येईल. दुसरं, ईशान्येला आधीच वाटतं की आपण लांब आहोत. घड्याळानेही त्यांना लांब करावं हे मला पटत नाही. अर्थात, हे तिथल्या लोकांनी ठरवायचं. मुंबईत बसून मी 'एकात्मतेसाठी अंधार सोसा' असं सांगणं बरं नव्हे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. घड्याळ एक ठेवलं म्हणून वेळापत्रक एक ठेवलंच पाहिजे असं कुठे आहे? दहा ते साडेपाच हे काही घटनेत लिहिलेलं नाही. दिब्रुगडची कचेरी आठला उघडू द्या, मुंबईची शाळा नऊला. महाराष्ट्राच्याच दोन टोकांत सूर्य जवळजवळ अर्धा तास पुढेमागे आहे. मग गडचिरोली आणि पालघर यांना एकाच परिपत्रकाने का बांधायचं? जिल्ह्याला, शाळेला, बाजाराला आपली वेळ ठरवू द्या, आणि ती सगळ्यांना समजेल अशा एका घड्याळात लिहा.

यावर कुणी म्हणेल, हे आजही करता येतं, मग होत का नाही? कारण वेळापत्रक बदलायला स्थानिक पातळीवर बोलावं लागतं. मालकाने कामगाराशी, शाळेने पालकांशी, खात्याने जिल्ह्याशी. घड्याळ एका सहीने बदलता येतं. वेळापत्रकाला सगळ्यांची संमती लागते. आपण सहीच्या सवयीचे आहोत. कर्झन यांनी सही केली, आपण ती सवय पुढे चालवली.

ती लग्नपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. वडिलांना एकदा विचारलं होतं, "तुम्ही स्वतः कुठल्या वेळेने मांडवात पोचलात?" ते म्हणाले, "मी? मी मुंबई टाइमने निघालो, म्हणून उशीर झाला. तुझ्या आजोबांनी मुहूर्त धरून ठेवला होता." (हशा) मुहूर्त धरून ठेवता येत नाही, हे आजोबांनाही ठाऊक होतं. पण नवरा मुलगा यायचाय म्हटल्यावर त्यांनी थांबायचं ठरवलं. मला वाटतं, घड्याळ आणि माणूस यांत आधी कुणाची सोय बघायची, एवढं त्यांना कळत होतं.

इथे थांबतो. माझं घड्याळ सांगतंय की वेळ संपली, आणि ते प्रमाणवेळेवर आहे. तुमचे प्रश्न घेतो.